सोमलाची रुजुवात : प्रस्तावना

रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या एका प्रकारावर आज जगातील मोठमोठ्या रुग्णालयांत सोमल शिरेवाटे दिला जातो आणि बहुसंख्य रोगी बरे होऊन घरी परततात, त्या उपचाराचा उगम ईशान्य चीनमधील लिन्दियान नावाच्या तालुक्यात गंडमाळांवर औषध देणाऱ्या एका खेडवळ वैद्याच्या बटव्यात आहे, ही हकीकत आपल्याकडे जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही. चिनी औषधींचा महिमा गाणारे लोक ती सांगतात तेव्हा अर्धीच सांगतात, आणि त्या औषधींस थोतांड समजणारे लोक ती मुळी सांगतच नाहीत. प्रस्तुत पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांत वैद्य आणि डॉक्टर थोडे असतील. पुष्कळसे असे असतील की ज्यांच्या घरात हा रोग येऊन ठेपला आहे, ज्यांनी रुग्णालयाच्या बाकावर रात्री काढल्या आहेत, आणि ज्यांना कोणा हितचिंतकाने चीनमध्ये यावर निराळा, बिनत्रासाचा, झाडपाल्याचा उपाय आहे असे कळकळीने सांगितले आहे. त्यांच्या मनात उठणारा प्रश्न मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. आशेला आधार हवा असतो, आणि तो खरा असावा एवढीच त्या प्रश्नामागची मागणी असते. म्हणूनच होय किंवा नाही असे एका शब्दात सांगून मोकळे होण्यापेक्षा, ज्या एका ठिकाणी चिनी परंपरेने या रोगावर निर्विवाद विजय मिळवला, त्या ठिकाणी तो नेमका कसा मिळाला हे मुळापासून सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रारंभीच एक खुलासा करणे प्राप्त आहे. ज्याला आपण रक्ताचा कर्करोग म्हणतो तो एक रोग नव्हे. १८४५ साली बर्लिनमध्ये विर्खो या तरुण डॉक्टराने एका मृत स्त्रीच्या रक्तात श्वेतपेशींचा असाधारण भरणा पाहून या विकाराचे वर्णन केले, तेव्हापासून आजवर त्याच्या पोटातून इतके स्वतंत्र रोग निघाले आहेत की एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ ठरते. तीव्र आणि दीर्घकालिक असे दोन भाग, त्या प्रत्येकात लसिकापेशींचे आणि मज्जापेशींचे असे आणखी दोन, आणि पुन्हा त्या प्रत्येकात गुणसूत्रांतील बिघाडानुसार पडणारे अनेक पोटभेद, असा हा विस्तार आहे. लहान मुलांत आढळणारा तीव्र लसिकापेशींचा प्रकार निराळा, प्रौढांत सावकाश वाढणारा मज्जापेशींचा प्रकार निराळा. आपल्या कथेचा विषय यांहून वेगळा, संख्येने अल्प परंतु स्वभावाने अत्यंत क्रूर असा एक प्रकार आहे. त्यास ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया म्हणतात, आणि १९५७ साली हिलेस्टाड या नॉर्वेजियन डॉक्टराने त्याचे स्वतंत्र वर्णन केले.

या रोगाची क्रूरता त्याच्या घाईत आहे. काल-परवापर्यंत कामावर जाणारा पंचविशी-तिशीचा माणूस, हिरड्यांतून रक्त येते, दंडावर निळे-काळे डाग पडले, पायावर टाचणीच्या टोकाएवढ्या तांबड्या ठिपक्यांची दाटी झाली, अशी तक्रार घेऊन येतो. आणि उपचारास विलंब झाला तर थोड्याच दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन दगावतो. अस्थिमज्जेत श्वेतपेशी तयार होताना ज्या अवस्थांतून जातात त्यांतील प्रोमायलोसाइट या मधल्या अवस्थेतच त्या अडकून पडतात, पुढे परिपक्व होत नाहीत, मरत नाहीत, केवळ वाढत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गडद दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसतात, आणि त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळली की रक्त गोठण्याची सारी यंत्रणा विस्कटून जाते. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेल्यामुळे हे घडते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ साली दाखवले. त्या अदलाबदलीतून एक संमिश्र प्रथिन जन्मास येते आणि पेशीच्या परिपक्वतेची वाट तेच अडवून धरते, हा उलगडा त्यानंतर काही वर्षांनी झाला.

आता चीनकडे वळू. प्राचीन चिनी वैद्यकात या रोगास स्वतंत्र नाव नव्हते, आणि सूक्ष्मदर्शकावाचून ते असणे शक्यही नव्हते; रोगी खंगत जातो, निस्तेज होतो, त्याला ज्वर येतो, रक्त वाहते, ही लक्षणे तेथील वैद्य क्षयाच्या आणि रक्तविकारांच्या सदरात घालीत आणि नाडी व जीभ पाहून, बल आणि उष्णता यांचा विचार करून काढे देत. परंतु त्याच वैद्यकात विषस्य विषमौषधम् या आपल्या वचनाशी तंतोतंत जुळणारे एक सूत्र होते, आणि त्याच्या आधारे खनिज विषांचे एक मोठे भांडार तेथे शतकानुशतके जपले गेले होते. मनशीळ, हरताळ आणि सोमल ही तिन्ही आर्सेनिकची रूपे त्यात होती. ली शिझेन याने १५७८ साली पूर्ण केलेल्या आणि १५९६ साली नानजिंग येथे छापून निघालेल्या बृहत् निघंटूत त्यांची सविस्तर नोंद आहे. मनशीळ तर चिनी लोकांच्या घराघरात शिरली होती. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीस, ज्या दिवशी नद्यांवर नौकांच्या शर्यती होतात, त्या दिवशी मद्यात मनशिळेची पिवळी-नारिंगी पूड कालवून ती मुलांच्या कपाळावर लावण्याची चाल होती. साप, विंचू आणि साथीचे रोग यांपासून तिने रक्षण होते असा समज. ज्या समाजात विषाशी इतका जुना, इतका निकटचा परिचय आहे, तेथील खेडवळ वैद्याने सोमलाचे औषध करावे यात नवल नाही. नवल आहे ते पुढे जे घडले त्यात.

१९७१च्या सुमारास हेइलोंगजियांग प्रांतातील हार्बिन वैद्यकीय विद्यापीठाच्या पहिल्या रुग्णालयात हान ताइयुन नावाचे एक औषधनिर्माते काम करीत होते. त्या काळी सरकारी धोरणानुसार शहरातील डॉक्टरांची पथके खेड्यापाड्यांत जात, आणि गावठी वैद्यांकडील औषधांची माहिती टिपून आणणे हा त्यांच्या कामाचा एक भाग असे. लिन्दियानचा वैद्य देत असलेल्या औषधात तीन जिनसा होत्या : सोमल, रसकापराच्या जातीचे एक पारदद्रव्य, आणि भेकाच्या ग्रंथींतून काढून वाळवलेले विष. गंडमाळांवर आणि त्वचेवरील अर्बुदांवर ते बाहेरून लावले जाई. हान यांनी त्या मिश्रणाचे इंजेक्शन तयार केले, आणि ते वापरून पाहण्याचे काम झांग टिंगडोंग या डॉक्टरांनी अंगावर घेतले. झांग हे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले. परंतु १९५०नंतरच्या दशकात अशा डॉक्टरांना पारंपरिक चिनी वैद्यक शिकवण्यासाठी सरकारने जे वर्ग काढले होते त्यांतून तेही गेले होते. दोन्ही घरांचा उंबरठा ओलांडलेला असा माणूस या कामी मिळाला, हा मी केवळ योगायोग मानीत नाही. असा माणूस घडवण्याची तजवीज तेथील सरकारने आधी करून ठेवली होती.

झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले ते सांगण्यास सोपे आणि करण्यास दुष्कर होते. त्यांनी त्या औषधाची पूजा केली नाही आणि ते फेकूनही दिले नाही. त्यातील प्रत्येक जिन्नस वेगळी काढून तिची जबानी घेतली. भेकाच्या विषाने रक्तदाब वाढतो आणि डोके दुखते असे दिसले, तेव्हा ते वगळले. पाऱ्याने मूत्रपिंडास इजा होऊन लघवीतून प्रथिने जातात असे आढळले, तेव्हा त्याचा अंश अत्यल्प केला आणि अखेरीस तोही काढून टाकला. मागे राहिला तो एकटा सोमल, प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम या प्रमाणात. आणि गुण त्याचाच होता. दीर्घकालिक मज्जापेशींच्या कर्करोगाच्या ६ रोग्यांचा वृत्तांत त्यांनी १९७३ साली हेइलोंगजियांगमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर तीव्र प्रकारच्या ५५ रोग्यांचा आढावा १९७९ साली आला, आणि त्या मेहनतीतून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली : हे औषध सगळ्यांना सारखे लागू पडत नाही, कित्येकांना त्याचा काहीच उपयोग होत नाही, परंतु प्रोमायलोसायटिक प्रकारच्या रोग्यांत मात्र त्याचा गुण डोळ्यांत भरण्याजोगा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा ३२ रोग्यांपैकी २१ जणांचा रोग पूर्णतः ओसरल्याचे नमूद आहे. यांतील कित्येक पुढे वर्षानुवर्षे जगले.

येथे युरोपातील एक जुनी घटना आठवल्यावाचून राहत नाही, कारण तीच हार्बिनच्या कामाचे मोल ठरवते. सोमल पाश्चात्त्य वैद्यकास अपरिचित नव्हता. इंग्लंडातील टॉमस फाउलर या डॉक्टराने १७८६ साली पोटॅशियम आर्सेनाइटचा जो द्राव प्रचारात आणला तो पुढे शंभर-सव्वाशे वर्षे मलेरियापासून त्वचारोगापर्यंत सर्वांवर दिला जात होता. १८६५ साली जर्मनीत लिसाउअर या डॉक्टराने तो रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यास दिला. १८७८ साली बॉस्टनमधील रुग्णालयातही त्याने श्वेतपेशींची संख्या उतरते असे नोंदले गेले. म्हणजे औषध हाती होते, गुणही दिसला होता. तरीसुद्धा ते निसटले. औषध थांबवताच रोग उलटे, दीर्घकाळ दिल्याने हातापायांस बधिरता येई, कातडी काळवंडे. आणि १९५३च्या सुमारास बसल्फान हे नवे रसायन आले तेव्हा फाउलरचा द्राव औषधांच्या दफ्तरातून कायमचा बरखास्त झाला. कोणत्या पोटभेदावर, किती मात्रेत, किती दिवस, हे तीन प्रश्न विचारावयास लागणारे ज्ञान त्या काळी कोणापाशीच नव्हते. हार्बिनच्या मंडळींपाशी सोमल फाउलरचाच होता. वर्गीकरण मात्र विसाव्या शतकाचे होते. खेड्यातील पुडी आणि प्रयोगशाळेतील काचपट्टी ही दोन्ही एका टेबलावर आली, आणि दोहोंपैकी एकटी एकही पुरी पडली नसती असे माझे निश्चित मत आहे.

हार्बिनचे वृत्तांत चिनी भाषेतील नियतकालिकांत पडून राहिले होते. ते जगापुढे आले शांघायच्या द्वारे, आणि त्याला कारण तेथे त्याच रोगावर सापडलेले दुसरे एक औषध. रुइजिन रुग्णालयातील वांग झेनयी यांच्या मनात अनेक वर्षे असा विचार घोळत होता की बहकलेल्या पेशीला ठार मारण्याऐवजी तिला परिपक्व करून पुन्हा मार्गावर आणता येईल काय. १९८०नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनी ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व अ याचे एक रूप मरणपंथास लागलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीस दिले, आणि ती बरी झाली. १९८८ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात २४ रोग्यांचा वृत्तांत होता. त्या सर्वांचा रोग ओसरला. परंतु एकट्या ट्रेटिनॉइनने ओसरलेला रोग पुष्कळदा उलटतो, आणि उलटलेल्यांना काय द्यावयाचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वांग यांचे शिष्य चेन झू आणि त्यांचे सहकारी हार्बिनच्या सोमलाकडे वळले. दोन्ही शहरांनी मिळून केलेल्या कामाचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला : रोग उलटलेल्या ज्या १० जणांस केवळ सोमल दिला त्यांपैकी ९ जणांत तो पुन्हा ओसरला. १९९८ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी आपल्या १२ रोग्यांवर खातरजमा करून घेतली, त्यांत ११ सुधारले. आणि २००० साली अमेरिकन सरकारने या औषधास रीतसर परवाना दिला.

पुढे जे उलगडले ते मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मनोवेधक अंग वाटते. मघा ज्या संमिश्र प्रथिनाचा उल्लेख केला त्याचे दोन भाग आहेत. ट्रेटिनॉइन त्यांतील एका भागाला जाऊन चिकटते आणि सोमल दुसऱ्याला. दोहोंच्या संगनमताने ते प्रथिन विघटित होते आणि अडकलेल्या पेशी सुटतात, काही परिपक्व होतात, काही आपोआप मरतात. ही दोन्ही औषधे एकत्र दिली तर रूढ रसायनोपचाराची गरज उरते काय, याची परीक्षा इटली व जर्मनीतील डॉक्टरांनी फारसा धोका नसलेल्या रोग्यांवर केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांनंतर रोग न उलटता सुखरूप असलेल्यांचे प्रमाण या जोडीवर ९७ टक्के आणि रसायनोपचाराच्या जोडीने ट्रेटिनॉइन घेणाऱ्यांत ८६ टक्के भरले. ज्या रोगाचे नाव ऐकून डॉक्टरांचाच धीर सुटे, तो बऱ्या होणाऱ्या रोगांच्या पंक्तीस येऊन बसला. झांग टिंगडोंग आणि वांग झेनयी या दोघांना २०२० साली चीनमधील फ्यूचर सायन्स पारितोषिक विभागून देण्यात आले; तोवर झांग यांच्या पहिल्या निबंधाला ४७ वर्षे होऊन गेली होती.

वाचकांच्या एव्हाना ध्यानात आले असेल की वनौषधींच्या नावाने सुरू झालेल्या या कथेत आतापर्यंत एकही वनस्पती आली नाही. ती येते नीळेच्या रूपाने. चिनी वैद्यकात चिंगदाय नावाचे एक निळे चूर्ण आहे. नीळ देणाऱ्या झुडुपांची पाने पाण्यात कुजत घालतात, ती पुरती सडली की गाळ काढून त्या पाण्यात चुना घालून घुसळतात, आणि वर येणारा निळा फेस खरवडून वाळवतात. आपल्याकडे नीळेच्या कोठ्यांत जे होत असे त्याच्याशी ही कृती बरीच मिळतीजुळती आहे. हे चूर्ण अकरा द्रव्यांच्या एका जुन्या गोळीत पडत असे, आणि त्या गोळीने दीर्घकालिक मज्जापेशींच्या कर्करोगात गुण येतो असे तिआनजिन येथील रक्तविज्ञान संस्थेत दिसून आले. तेथेही हार्बिनचीच रीत अवलंबिली गेली : अकरांतून दहा बाजूस काढली, नीळ उरली, नीळेतून पुन्हा इंदिरुबिन हे तांबडे द्रव्य वेगळे निघाले, आणि ते पेशीविभाजन चालवणाऱ्या विकरांना रोखते हे १९९९ साली युरोपातील संशोधकांनी दाखवले. तथापि या प्रकाराच्या रोगावर २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि तिने इतके उजवे फळ दिले की इंदिरुबिन मागे पडले. मागे पडले हे स्पष्टपणे सांगणे हाही परंपरेच्या आदराचाच भाग आहे.

नीळेला आणखी एक आश्रय मिळाला. हुआंग शिलिन या डॉक्टरांनी मनशीळ, चिंगदाय, दानशेन ही तांबड्या मुळांची वनस्पती आणि आणखी एक बलवर्धक मूळ यांचा चौपदरी योग बसवला. चिनी योगशास्त्रात राजा, अमात्य, सहायक आणि दूत अशी द्रव्यांची दरबारी मांडणी असते. तीनुसार येथे मनशीळ राजा ठरते. पेकिंग विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या पुढाकाराने प्रोमायलोसायटिक प्रकाराच्या २४२ रोग्यांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक चाचणीत पोटात घेण्याच्या या गोळ्या शिरेतून दिलेल्या सोमलापेक्षा कोठेही उण्या पडल्या नाहीत. आठवडेच्या आठवडे रोज रुग्णालयात येऊन शिरेला सलाईन लावून पडणे ज्याच्या नशिबी आले आहे, त्याला घरी राहून गोळी घेता येणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर मी वाचकांचा अपराधी ठरेन. सोमल हे विष होते आणि आजही आहे. रुग्णालयात तो देताना हृदयाचा आलेख वारंवार काढावा लागतो, कारण त्याने हृदयाची लय बिघडते. रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम सांभाळावे लागते. पेशी झपाट्याने परिपक्व होऊ लागल्या की रोग्यास ताप, धाप आणि सूज यांचा जो झटका येतो तो वेळीच ओळखून आवरावा लागतो. जी पुडी टपालाने येते, जिच्यावर घटकांची नोंद नाही, जी देणाऱ्याने रोग्याचा रक्ताचा अहवालही पाहिलेला नाही, तिला या औषधाचे नाव घेऊन उभे राहण्याचा काडीइतका अधिकार नाही. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हा समजही तितकाच घातक. १९९०नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या चिनी चूर्णांत एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची दुसरी मुळी पडली, आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आणि बालकांच्या तीव्र लसिकापेशींच्या रोगाबाबत तर मी अधिकच आग्रहाने लिहितो. तेथे रूढ औषधयोजना खडतर आणि लांबलचक आहे, पण ती तडीस नेली तर चांगल्या सोयी असलेल्या देशांत दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. ते उपचार मध्येच सोडून काढ्यांच्या मागे लागणे म्हणजे त्या मुलाच्या हातातला घास काढून घेणे होय.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध दोन ठिकाणी येतो. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८पासून नव्याने निदान झालेल्या रोग्यांस एकटा सोमल देऊन पाहिला, कारण महागडी औषधे विकत घेण्याची ऐपत त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांत नव्हती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात ७२ पैकी ६२ रोग्यांचा रोग पूर्णतः ओसरला. गरिबीने सुचवलेला तो प्रयोग आज जगभर आदराने उद्धृत केला जातो. दुसरा संबंध अधिक जुना आणि अद्याप अपुरा आहे. रसरत्नसमुच्चयासारख्या आपल्या रसग्रंथांत हरताळ, मनशीळ आणि गौरीपाषाण या नावाने सोमल यांची शोधने, मारणे आणि मात्रा यांचा तपशील दिलेला आहे. लिन्दियानच्या वैद्यापाशी जे होते ते आपल्या रसवैद्यांपाशी कधीच नव्हते असे नाही. शोधनाने त्या खनिजांत रासायनिक बदल कोणता होतो, भस्मातील आर्सेनिक कोणत्या रूपात उरते, ते रक्तात किती शिरते, हे प्रश्न आपल्या रसशाळांनी आणि आपल्या प्रयोगशाळांनी एका टेबलाशी बसून विचारावेत, आणि उत्तर प्रतिकूल आले तर तेही छापावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पुढील प्रकरणांच्या क्रमाविषयी थोडेसे. चिनी औषधांविषयीच्या पुस्तकाचा आरंभ औषधांनीच व्हावा अशी वाचकांची अपेक्षा असणार. येथे मात्र पहिले प्रकरण रक्ताच्या काचपट्टीचे आणि अस्थिमज्जेच्या तपासणीचे आहे, आणि ते हेतुपुरस्सर पुढे घेतले आहे. प्रोमायलोसायटिक प्रकाराचा नुसता संशय आला, तरी जनुकीय चाचणीचा निकाल हाती येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी ट्रेटिनॉइन सुरू करावे असा आजचा शिरस्ता आहे, कारण या रोगात माणसे दगावतात ती बहुधा पहिल्या काही दिवसांतच, रक्तस्रावाने. म्हणून अंगावर अकारण डाग उठले, हिरड्यांतून रक्त थांबेना, तर कोणते औषध उत्तम याची चर्चा मागाहून करावी. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि त्याच दिवशी रक्तरोगाच्या जाणकार डॉक्टरांचे दार गाठावे. घरात काही काढे किंवा चूर्णे चालू असतील, तर त्यांच्या पुड्या, नावे आणि देणाऱ्याचा ठावठिकाणा यांसह ती त्यांच्यापुढे ठेवावीत.